अनुसयाबाईची खुर्ची

मित्रांनो, माझ्यावर तलाठी बसले, गुरांचे डॉक्टर बसले, धुळ्याहून आलेले एक इंजिनिअरसाहेब तर माझ्यावर बसल्या बसल्या घोरू लागले. पण जिच्यासाठी मला घडवले ती अनुसयाबाई माझ्यावर एकदाही बसली नाही. मी नवापूरच्या जंगलातल्या सागाची एक खुर्ची आहे. माझी कहाणी एवढीच आहे, आणि ती काही आनंदाची नाही.

कळसाडीच्या सुपडू पाटलांचा मुलगा रूपचंद दूधसंघाचे काम शिकायला डेन्मार्कला गेला होता. साल छप्पन्न. तिथे तो नऊ महिने एका शेतकऱ्याच्या घरी राहिला. परत आल्यावर गावाला त्याने गाई, यंत्रे, लोणी सगळे रंगवून सांगितले. बायकोला, म्हणजे अनुसयाबाईला, मात्र एकच गोष्ट सांगितली. संध्याकाळी कामे आटोपली की तो शेतकरी आणि त्याची बायको दोन सारख्या खुर्च्यांवर समोरासमोर बसत. मध्ये बुटके मेज, त्यावर मेणबत्ती, आणि छतापासून खाली ओढलेला दिवा. ती लोकर विणता विणता बोले, तो ऐके. आपल्या बैठकीच्या खोलीतही असेच बसायचे, असे रूपचंदने मनाशी पक्के केले होते.

त्याने कागदावर माझे चित्र काढून लोटन मिस्त्रींपुढे ठेवले. हात गोलसर, पाठ मागे कललेली, पाय तिरपे. मिस्त्रींनी कपाळाला हात लावला.

"भाऊ, पाय इतला तिरपा? मानूस पडी जाई ना!"

"तुम्हीन करा तं खरं," रूपचंद हसत म्हणाला.

मिस्त्रींनी कुरकुरत का होईना, जीव ओतून काम केले. बाज विणायच्या अंबाडीच्या दोरीने माझे आसन विणले. माझ्यासारखीच दुसरी खुर्ची रूपचंदसाठी केली. मग खोलीचा कायापालट सुरू झाला. निळ्या भिंतींवर पांढरा चुना चढला. खुंट्यांवरचे दोर आणि घोंगड्या गोठ्यात गेल्या. खिडकीला हातमागाचा जाड पडदा आला. कंदील साखळीने इतका खाली आणला की येणाऱ्याजाणाऱ्याची टोपी उडू लागली. दोन खुर्च्यांमध्ये ठेवलेल्या बुटक्या मेजावर मेणबत्त्या पेटल्या तेव्हा शेजारचा चुडामण दारातून डोकावला आणि म्हणाला, "रॉकेल सरनं का रे भो?" सगळे हसले. रूपचंदही हसला, पण मेणबत्त्या त्याने विझवल्या नाहीत.

अनुसयाबाईला हे सगळे वेडेपणाचे वाटत असेल, असे तुम्हाला वाटेल. तसे नव्हते. तिने घरच्या शेतातला कापूस स्वतः पिंजला, भरला आणि माझ्यासाठी गादी शिवली. कडेला जुन्या लुगड्याचा हिरवा काठ लावला. शेवटचा टाका घालून दोरा दातांनी तोडला आणि नवऱ्याकडे न पाहताच म्हणाली, "दिवाळीले बठसू." ते ऐकून मला कोण आनंद झाला! आता दिवाळी किती लांब, एवढाच माझा प्रश्न होता.

रूपचंदने सगळ्याची मापे घेतली होती. एकच गोष्ट त्याच्या मापात बसली नाही. त्याच खोलीच्या दारात सुपडू पाटलांची बाज असे आणि पाटील तिच्यावर दिवसभर बसून असत. त्या घराण्यात सासऱ्यासमोर सून कधी उंचावर बसत नसे. पदर कपाळावर ओढून जमिनीवर बसायची, तेही भिंतीकडे तोंड करून. डेन्मार्कात नऊ महिने काढून आलेला रूपचंद आपल्याच घरातली ही रीत विसरला होता.

दिवाळीच्या संध्याकाळी त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. "बठ ना. हाई खुर्ची तुन्हीच शे."

"मामंजी बठेल शेतस," ती पदराआडून म्हणाली. "मी खालेच बरी."

म्हाताऱ्याने ते ऐकले. "बठू दे ना तिले. मी काय नको म्हनस का?" असे तो म्हणाला खरा, पण बाजेवरून हलला नाही. मग अनुसयाबाई माझ्या पायाशी जमिनीवर बसली. रूपचंद समोरच्या खुर्चीतून मान वाकवून तिच्याशी बोलत राहिला. त्याची मान अवघडली आणि बोलणेही.

अशी सात वर्षे गेली. पाहुणे आले की माझे कौतुक करत. मला त्या कौतुकाचा वीट आला होता. एकदा बाजाराच्या दिवशी बापलेक दोघेही शहाद्याला गेले. भर दुपारी अनुसयाबाईने दाराला कडी लावली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटले, आता! पण ती खाली बसली, माझ्या गादीवर डोके टेकले आणि तशीच झोपी गेली. घर रिकामे असतानासुद्धा सासरा तिच्या मनातल्या दारात बसलेलाच होता. मला फार वाईट वाटले.

चौसष्ट साली सुपडू पाटील वारले. तेरावे झाले, बाज उचलली गेली, दार मोकळे झाले. रूपचंद म्हणाला, "आते तं बठ."

तिने नकारार्थी मान हलवली. "लोक म्हनतीन, सासरा मरानीच वाट दखत व्हती. वरीस जाऊ द्या."

तिचे चुकले, असे मला म्हणवत नाही. गाव असे बोललेच असते. रूपचंदने मान डोलावली आणि दिवस मोजू लागला. मीही मोजत होते. वर्ष भरायला दोन महिने उरले असताना त्याला कावीळ झाली आणि नवव्या दिवशी तो गेला. त्याचे वय चौतीस होते.

बायकांनी अनुसयाबाईला आतल्या खोलीच्या कोपऱ्यात बसवले. बैठकीत रूपचंदचा फोटो ठेवायला जागा हवी होती. त्याच्या खुर्चीची दोरी सैल झाली होती, म्हणून कुणीतरी फोटो माझ्यावर ठेवला, तिने शिवलेल्या गादीवर. त्याला हार घातला. फोटो तिथे ठेवला तो ठेवलाच.

या गोष्टीला चार वर्षे झाली. रोज सकाळी ती फोटो उचलून खाली ठेवते आणि ओल्या फडक्याने मला पुसते. तेवढा वेळ मी रिकामी असते. दारात कुणी नसते, तिला नको म्हणणारे आता घरातच कुणी नाही. दर सकाळी मला वाटते, आज बसेल. आणि दर सकाळी ती फोटो उचलते, काच पदराने पुसते आणि पुन्हा माझ्यावर ठेवून जमिनीवर बसते.

मित्रांनो, मला तेल लावा, ऊन-पावसापासून जपा, असे मी सांगणार नाही. माझे लाकूड अजून ठणठणीत आहे. तुमच्या घरात कुणी रोज जमिनीवर बसत असेल, तर दिवाळीची, तेराव्याची, वर्षश्राद्धाची वाट पाहू नका. आजच हात धरून तिला खुर्चीवर बसवा. माझी अनुसयाबाई आता बसायची नाही. बसली तरी समोरची खुर्ची रिकामीच असेल.