आईचं घर आणि पंधराशे फूट

आर्डिस व्हेटर ही बाई अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मंडळावर तीनदा निवडून आली ती एकाच मुद्द्यावर, सरकारी उधळपट्टी. लायल क्रूगरचं नाव निघालं की तिचा आवाज चढायचा. या माणसानं तरुणपणी दोन लहान मुलींच्या आयुष्याची नासाडी केली, तुरुंगात गेला, आणि शिक्षा संपल्यावर कोर्टानं त्याला उपचारासाठी म्हणून पुन्हा कुंपणाआड ठेवलं. त्यालाही सतरा वर्षं झाली. आता कोर्ट म्हणत होतं, सोडा. पण पायात माग काढणारा पट्टा हवा, आणि पहिलं वर्षभर तो दूध आणायला निघाला तरी सोबत दोन पहारेकरी हवेत. घर काउंटीनं शोधायचं. मिळेपर्यंत रोजचा दंड.

"एका म्हाताऱ्यामागे दोन पगार! आणि आपलं वाचनालय शनिवारी बंद!" मंडळाच्या बैठकीत आर्डिस टेबलावर हात आपटायची. लोक माना डोलवायचे.

घर मात्र मिळेना. पंधराशे फुटांत शाळा किंवा पाळणाघर नको, असा कायदा, आणि तिथंच घोडं पेंड खायचं. कारकून ड्वेननं नकाशावर वर्तुळं काढत आणली, तेव्हा वर्तुळांबाहेर एकच रिकामं घर उरलं. आर्डिसच्या आईचं. आई गेल्यापासून कुलूपबंद.

तिथली एक रीत होती. समोरच्याची अडचण होईल असं बोलायचं नाही, लिंबाच्या वड्यांचं ताट पुढे सरकवायचं. ताट आर्डिससमोर तीनदा आलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, हे सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं तिला दिसत होतं.

"माझ्या आईचं घर घ्या," ती शेवटी म्हणाली. "भाडंही नको."

टाळ्या पडल्या. "आर्डिसबाई, नवं घर बांधायचे काउंटीचे चार लाख डॉलर वाचवलेत तुम्ही," ड्वेन म्हणाला.

घरी पोचेपर्यंत तिला एकच दिसत होतं. आईच्या मोरीत तो माणूस हात धुणार! तिनं आईच्या शेजारणीला, मार्लिसला, फोन लावला.

"ऐकलंस ना?"

"ऐकलं. तीनदा मत दिलंय तुला. माझी नातवंडं इथंच असतात, ते नाही आठवलं तुला?"

"आठवलं म्हणूनच फोन केला. तुझं घर तिथून जेमतेम अकराशे फूट. नातवंडं सांभाळतेसच, अजून दोन मुलं घे आणि पाळणाघराचा परवाना काढ. आठवड्यात मिळतो. कोर्टात त्या घराची सुनावणी दहा दिवसांनी आहे."

"अगं, मग घर दिलंस कशाला?"

"ते नको विचारूस. आणि मी सांगितलं हे कुणाला बोलू नकोस."

परवाना आला, घर बाद झालं. साप मेला, काठीही तुटली नाही. मंडळानं दगडखाणीपलीकडे चार लाखांचं नवं घर बांधायचा ठराव केला. ते होईस्तोवरचा दंड वेगळा. आर्डिसनंही हात वर केला. चर्चमध्ये लोक म्हणाले, "तू तुझ्याकडून केलंस हो." तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

नोव्हेंबरात एक पत्र आलं. पेन्सिलीनं लिहिलेलं.

"बाई, तुम्ही आईचं घर देऊ केलंत असं वकिलानं सांगितलं. इतक्या वर्षांत स्वतःहून दार उघडणाऱ्या तुम्ही पहिल्याच. ते मिळालं नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. शेजारी मुलं असतील तर मी तिथं नसलेलाच बरा. एवढं मी इथं शिकलोय. लायल क्रूगर."

आर्डिसनं ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. या माणसाचा तिला तिटकारा होता, अजूनही होताच. पण पत्रातली एकही ओळ खोटी नव्हती, आणि तेच तिला सोसवेना. उत्तर लिहायला तिनं कागद घेतला, वर त्याचं नाव लिहिलं. पुढे लिहिण्यासारखं खरं असं तिच्याकडे काहीच नव्हतं.