टेपमधले सर

समोर तोंडच नसेल तर शिकवायचं कुणाला, हे थॉमस सरांना काही केल्या कळत नव्हतं.

नगरच्या एका मिशन शाळेत त्यांनी उभी हयात इंग्रजी शिकवलं. फळ्यावर लिहिताना ते कधी वर्गाकडे पाठ करत नसत. तिरकं उभं राहायचं, एक डोळा खडूवर, एक डोळा पोरांवर. कुणाला कळलं, कुणाला नाही, कोण बाकाखाली डबा उघडून बसलाय, सगळं त्यांना चेहऱ्यांवरून वाचता यायचं. निवृत्त झाल्यावरही घराच्या पडवीत चार पोरं जमवून शिकवणी चालू होतीच. त्यामुळे चौऱ्याण्णवच्या दिवाळीत माहेरी आलेली माधुरी जेव्हा म्हणाली, "सर, मला टेपवर शिकवाल का?" तेव्हा सर आधी हसले आणि मग चिडले.

माधुरी त्यांची जुनी विद्यार्थिनी. दहावीला बाकी सगळे विषय सुटले, इंग्रजी तेवढं राहिलं. तो सरांचाच विषय, त्यामुळे तो काटा सरांनाही टोचत होता. पुढे तिचं लग्न होऊन ती थेट खर्ड्याला गेली. नगरहून एस.टी.नं जामखेड, तिथून पुढे खर्डा. अख्खा दिवस जाण्यायेण्यात संपायचा. आता मार्चला परत बसायचं तिनं मनावर घेतलं होतं. सासरच्या घरात नवऱ्यानं, श्रीमंतनं, पुण्याहून आणलेला टेप होता.

"तुम्ही बोला, मी ऐकीन. दुसऱ्या बाजूला माझी उत्तरं भरून परत पाठवीन," ती म्हणाली.

"शिकवणं म्हणजे काय भजनाची कॅसेट आहे का, लावली की वाजली?" सर म्हणाले. "तुझी मान हलते की नाही ते मला कसं दिसणार?"

"मान मी नगरला होते तेव्हाही हलवतच होते की सर. तरी नापास झालेच ना?"

सरांची बायको हन्नाबाई आतून करंज्यांचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोरगी एवढं म्हणतेय तर बोला की. नाहीतरी दिवसभर घरात एकटेच बडबडत असता. ते निदान कुणाच्या कामी तरी येईल."

झालं. सरांच्या घरातला जुना टेप पुसून झाला, कोऱ्या कॅसेटी आल्या. खर्ड्याला जाणाऱ्या गाडीवर भिमाजी नावाचा कंडक्टर होता, माधुरीच्या सासरच्यांच्या ओळखीचा. कॅसेट न्यायची-आणायची त्यानं कबूल केली.

पहिल्या दिवशी सर इस्त्रीचा शर्ट घालून टेपसमोर बसले. हन्नाबाईंनी दोन बटणं एकदम दाबली आणि खुणेनं सांगितलं, बोला. घसा खाकरून सर एवढ्या मोठ्यानं ओरडले की पडवीतलं मांजर उठून गेलं. "माधुरी! पुस्तक उघड!" मग सवयीनं ते थांबले, तिनं पुस्तक उघडावं म्हणून. पुढेही तसंच. धडा वाचायचा, अर्थ सांगायचा, "समजलं?" असं विचारायचं आणि उत्तराची वाट बघत टेपकडे टक लावून बसायचं. टेप बिचारा फिरत राहायचा.

"अहो, कॅसेट वाया चाललीय," हन्नाबाई कुजबुजल्या. तेही भरलं गेलं. "आणि चहा निवतोय," हेही.

आठवड्यानं भिमाजीनं कॅसेट परत आणून दिली. सरांनी दुसरी बाजू लावली. माधुरीचा आवाज आला, बिचकत बिचकत वाक्यं म्हणणारा. पण सरांचे कान टवकारले ते दुसऱ्याच आवाजांनी. मागे कुणीतरी खुदखुदत होतं. एक शेळी ओरडत होती. आणि माधुरीनं उत्तर द्यायच्या आतच एक भारदस्त आवाजाची बाई म्हणत होती, "व्हय, समाजलं."

वर्गात बोलणारं पोर सरांना कधीच खपलं नव्हतं. पुढच्या कॅसेटच्या सुरुवातीलाच त्यांनी आवाज चढवला, "मागे कोण बोलतंय? ज्याला शिकायचं नाही त्यानं बाहेर जावं!"

त्याचं उत्तर आलं ते असं :

"मास्तर, म्या भागिरथी. माधुरीची सासू. घर माजं, टेप माज्या ल्योकाचा, अन् म्याच भाईर जाऊ व्हय? आन् शिकायचं न्हाई आसं कोन म्हनलं? तुमीच इचारता 'समजलं का', मंग गप बसता. मानूस इचारतंय तर जबाब नगं द्यायला?"

हन्नाबाई हसता हसता खुर्चीतून पडायच्या बेतात आल्या. सर गंभीर चेहरा करून ऐकत होते. पण भागिरथीबाईंचं संपलं नव्हतं.

"आजून येक. तुमी म्हनता, येकटा पोरगा गेला की 'ही गोज'. म्हंजी येकट्याला शेवटी यस लावायचा. अन् पोरं लई झाली की 'बॉईज'. तवाबी यसच. येकट्यालाबी यस अन् लई झाल्याव बी यस, ह्ये कसं? आमच्या हितं रतनबाई म्हनती मास्तर चुकला आसंल. म्या म्हनलं, मास्तर न्हाई चुकायचा, इंग्रजच चुकला आसंल."

सरांनी टेप बंद केला. परत मागे नेऊन ऐकला. इतक्या वर्षांत हजारो पोरं त्यांच्या हाताखालून गेली, त्यांच्या डोक्यात हा घोळ असणारच. पण 'सर, हे असं का?' म्हणून कुणी उभं राहिलं नव्हतं. राहणार तरी कसं, सरांचा डोळा होता ना त्यांच्यावर! हा विचार मनात आला आणि सर खुर्चीतच जरा ओशाळून हसले.

त्या दिवशी त्यांनी एक अख्खी बाजू भागिरथीबाईंच्या प्रश्नावर खर्च केली. "भागिरथीबाई," ते म्हणाले, "तुमच्या गावात एका नावाची दोन माणसं असतील. नाव एक, पण घर वेगळं, काम वेगळं. तसे हे दोन यस. एक नावाच्या घरचा, एक क्रियापदाच्या घरचा. दोघांची गाठ घालू नका, भांडण लागेल." मग त्यांनी वीस-पंचवीस वाक्यं दिली, सगळी खर्ड्याच्या बायकांना पटतील अशी. शेळी पळते, शेळ्या पळतात. रतनबाई येते, बाया येतात.

तिथून पुढे कॅसेटचा नूर बदलला. सर आता मुद्दाम थांबायचे आणि पलीकडे कोण काय म्हणत असेल याचा अंदाज घेत स्वतःशीच मान डोलवायचे. परत आलेल्या कॅसेटवर बायांचा कोरस असायचा. गाडी यायची वेळ झाली की सर उगाचच माळीवाड्याच्या स्टँडकडे फिरायला निघायचे.

फेब्रुवारीत त्यांनी माधुरीला एक जुनी प्रश्नपत्रिका पाठवली आणि कागदावर सोडवून मागितली. उत्तरं आली ती वाचून सर कागद घेऊन हन्नाबाईंकडे गेले. बोलायला एवढी तयार झालेली पोरगी, पण लिहिलं होतं सगळं कानानं. 'स्कूल'मधला एच गायब, 'नाइफ'चा के गायब, आणि 'नेबर' तर असा लिहिला होता की खुद्द इंग्रजांनीही ओळख दाखवली नसती.

"टेपमधून हात दिसत नाही," सर म्हणाले. "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

"मग जा की तिकडं," हन्नाबाईंनी डबा भरायला घेतला.

खर्ड्याला सर दुपारी उतरले. एका पानवाल्यापाशी थांबून, घसा खाकरून त्यांनी श्रीमंतच्या घराचा पत्ता विचारला, तोच शेजारून भाजीची पिशवी घेऊन चाललेली एक बाई गर्रकन वळली. "अगं बया, सर आलं!" ती ओरडली आणि लगेच सावरून म्हणाली, "गुड आफ्टरनून, सर." सरांनी तिला आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. ती रतनबाई निघाली. सरांच्या पुढे पळत जाऊन तिनं अख्ख्या आळीला वर्दी दिली.

घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, त्याखाली कोनाड्यात टेप, त्यावर विणलेला रुमाल. माधुरीनं खाली सतरंजी अंथरली होती आणि तिच्यावर दहा-बारा जणी दाटीवाटीनं बसल्या होत्या. सरांनी हात मागे बांधले आणि विचारलं, "काय, अभ्यास झाला का?"

पदर पुढे ओढले गेले, माना खाली गेल्या. टेपवर शेळीच्या वरताण ओरडणाऱ्या याच का त्या बाया, असं सरांना वाटलं. त्यांनी सोपं विचारलं, त्याहून सोपं विचारलं. माधुरीसुद्धा पायाच्या अंगठ्यानं फरशी कोरत उभी. घड्याळ पुढे सरकत होतं आणि सरांना कळेना, एवढ्या लांब येऊन आपण केलं काय.

शेवटी भागिरथीबाईच उठल्या. "मास्तर, राग नका मानू. तुमी दिसताय, म्हनून त्यांची दातखीळ बसलीय. आसं करा, तुमी आत चुलीपाशी जाऊन बोला."

"आत?"

"व्हय. पडदीच्या मागं. टेपातून बोलता तसं."

नगरच्या शाळेत कुणी असं सुचवलं असतं तर सरांनी त्याला अंगठे धरून उभं केलं असतं. पण ते मुकाट्यानं आत गेले, चुलीशेजारी पाटावर बसले आणि पडदीच्या भिंतीआडून त्यांनी आवाज दिला, "रतनबाई! शेळ्या पळतात!"

"गोट्स रन!" बाहेरून एकसुरात आरोळी आली.

"आणि एकटी शेळी?"

"अ गोट रन्स!"

मग काय, बाया ज्या सुटल्या त्या आवरेनात. तव्यावर टाकलेल्या भाकरीच्या वासानं सरांचंच लक्ष उडून एकदा वाक्य चुकलं, तर बाहेरून चौघींनी एकदम दुरुस्त केलं. सर हसत सुटले. हसता हसता खडू काढून ते बाहेर आले आणि शहाबादी फरशीवर गुडघे टेकून त्यांनी 'नाइफ' लिहिला. "हा के मुका आहे. बोलत नाही, पण पंगतीत त्याचं पान मांडावं लागतं," ते म्हणाले. आता सर समोर होते तरी कुणाचा पदर पुढे आला नाही. माधुरी खाली बसली आणि त्यांनी सांगितलेला एकेक शब्द फरशीवर लिहीत गेली. अक्षर चुकलं की सर तिचा हात धरून थांबवायचे. फरशी भरली तशा बाया मागे मागे सरकत भिंतीला टेकल्या. भिमाजी गाडी सुटायची म्हणून बोलवायला आला, तोही दारात उकिडवा बसून 'नेबर' पाठ करायला लागला. त्या दिवशी गाडी जरा उशिरानंच सुटली.

परीक्षेआधी सर आणखी दोनदा जाऊन आले. मधल्या दिवसांत कॅसेटी चालूच होत्या. जूनमध्ये निकाल लागला. माधुरी पास झाली, सरांनी मनात धरले होते त्याहून बरे मार्क मिळवून. भिमाजीच्या हाती पेढ्यांचा पुडा आला आणि सोबत कॅसेट. तिच्यावर बोलणं कमी आणि कल्लोळ जास्त होता. त्यातून एवढं कळलं, की आता रतनबाई आणि आणखी दोघी बाहेरून दहावीला बसायचं म्हणतायत. भागिरथीबाई बसणार नव्हत्या. "म्या नुस्ती ऐकनार अन् चुका काढनार," त्यांनी जाहीर केलं होतं. "पर मास्तर, इंग्रजीनं भागत न्हाई. इज्ञान कोन शिकवनार?"

सरांचं विज्ञान बेताचंच. त्यांनी शेजारच्या इमॅन्युएल सरांना गाठलं. तेही निवृत्त, विज्ञानाचे, आणि स्वभावानं भारी कडक. सगळी हकिकत ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"टेपवर विज्ञान? अहो, प्रयोग कसा दाखवणार मी? उष्णता, वाफ, बाष्पीभवन, हे काय ऐकवायच्या गोष्टी आहेत?"

"तुम्ही फक्त सांगा काय करायचं ते," थॉमस सर म्हणाले. "पातेलं, पाणी, विस्तव, सगळं त्यांच्याकडे आहे. तुमच्या प्रयोगशाळेतला स्टोव्ह तरी कधी धड पेटायचा?"

हन्नाबाईंनी तेवढ्यात नवी कॅसेट आत सरकवली आणि दोन्ही बटणांवर बोटं ठेवून इमॅन्युएल सरांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा चढवला, खुर्ची टेपजवळ ओढली आणि म्हणाले, "भागिरथीबाई, आधी एक पातेलं घ्या. अर्धं पाण्यानं भरा. आणि जरा लांबून बघा, वाफ लागेल."