शिक्का मार्चचा, पत्र नोव्हेंबरचे

मित्रांनो, मी एक जुना तारखेचा शिक्का आहे. नगर कार्यालयात बाहेरून आलेली पत्रे जिथे घेतात, त्या आवक खिडकीच्या वरच्या खणात माझा मुक्काम असतो. मला लाकडी मूठ आहे, पितळी चौकट आहे आणि पोटात रबराच्या तीन पट्ट्या आहेत. एक दिवसाची, एक महिन्याची, एक वर्षाची. पट्ट्यांच्या वर 'मिळाले' असे लिहिलेले आहे. माझ्या चौकटीचा उजवा कोपरा तुटका आहे. पहिल्याच वर्षी मी टेबलावरून फरशीवर पडलो, तेव्हाची ती खूण. हा कोपरा ध्यानात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

एका अरुंद दुकानात शिक्केवाल्याने मला घडवले. तो इतका वाकून रबर कोरायचा की नाकाला शाई लागायची. मला न्यायला आलेल्या माणसाला त्याने बजावले होते, "महिन्यातून एकदा तरी पट्ट्या पुसा. शाई वाळली की रबर हट्टाला पेटतं, मग कुणाचं ऐकत नाही." नेणाऱ्याने मान हलवली आणि दाराबाहेर पडेपर्यंत विसरलाही.

पण माझे नशीब चांगले. खिडकीवरचे कारकून माझ्याच आठवड्यात कामाला लागले होते. तेव्हा ते तरुण होते. आता सारे कार्यालय, अगदी मोठे साहेबसुद्धा, त्यांना काका म्हणतात. सकाळी आल्यावर पिशवी खांद्यावरून उतरवायच्या आधी काका माझी तारीख फिरवायचे. मग रद्दी कागदावर एक ठसा उठवून बघायचे आणि स्वतःशीच म्हणायचे, "चला, उजाडलं." त्यानंतरच खिडकी उघडायची. एकतीस वर्षे! माझी वर्षाची पट्टी या काळात दोनदा बदलली, काकांच्या चष्म्याचा नंबर चारदा.

कौतुकही झाले बरे का. एका शाळेचा अर्ज उशिरा आला म्हणून बाजूला ठेवला होता. मुख्याध्यापिकांनी माझा ठसा असलेली प्रत साहेबांच्या पुढ्यात ठेवली आणि साहेबांना अर्ज घ्यावाच लागला. त्या दिवशी काकांनी मला स्वतःच्या रुमालाने पुसले. मी आठवडाभर ताठ उभा होतो.

मग ते यंत्र आले. पत्र आले की संगणकावर नोंद करायची, खटखट करत चिठ्ठी बाहेर येते, तिच्यावर तारीख, वेळ, क्रमांक सगळे छापलेले. मला खणात टाकले. शेजारी वाळलेला डिंक, तुटकी मोजपट्टी आणि कशाची आहे ते कुणालाच माहीत नसलेली एक किल्ली. तो मार्च महिना होता. त्यानंतर आठ महिने मला कुणी हात लावला नाही. काकांनीसुद्धा नाही. खोटे कशाला बोलू, मला त्यांचा राग आला होता. पट्ट्यांवरची शाई वाळत गेली आणि शिक्केवाला म्हणाला होता तसेच झाले. माझे रबर हट्टाला पेटले.

नोव्हेंबरच्या चौदा तारखेला सकाळी ते यंत्र बंद पडले. नेमक्या त्याच वेळी खिडकीशी एक बाई आल्या. ओढे, तळी, झाडे यांच्यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या त्या ताई. पायात मळलेले बूट, खांद्याला कापडी पिशवी, बोलणे झपाझप.

"काका, कळवायला आलेय. सतरा तारखेपासून आम्ही पाच जण ओढ्याकाठच्या तीन गल्ल्यांत घरोघर जाणार. पत्रात सगळ्यांची नावं, पत्ते, फोटो आहेत. रोज चार ते सात. सातनंतर कुणाचंही दार वाजवणार नाही."

मित्रांनो, आमच्याकडे नियमच आहे तसा. कोणत्याही संस्थेला दारोदार फिरायचे असेल तर तीन दिवस आधी लेखी कळवावे लागते. परवानगी मागायची नसते, नुसते कळवायचे असते. एक प्रत आम्ही ठेवतो, एक पोलिस ठाण्यात पाठवतो आणि पोच दिलेली तिसरी प्रत फिरणाऱ्याने जवळ ठेवायची. दार उघडणाऱ्याने विचारले, 'तुम्ही कोण?', तर दाखवायला. चांगला नियम आहे. पण सगळी मदार शेवटी माझ्यावर, म्हणजे ठशावर.

ताईंना घाई होती, कारण तीन गल्ल्यांमागचा ओढा मोठ्या नळात घालून वर गाड्या उभ्या करायची जागा करायचे ठरत होते. तिथल्या लोकांनी बावीस तारखेपर्यंत लेखी हरकती दिल्या तर सुनावणी होणार होती. नाहीतर संपला विषय. आणि लोकांना तर हे काही ठाऊकच नव्हते. सूचना लागली होती कार्यालयाच्या मागच्या भिंतीवर, सायकली ठेवतात तिथे.

काकांनी मला खणातून काढले. फुंकर मारली. दिवसाची पट्टी फिरवली, चौदा आले. महिन्याचे चाक फिरवले. चाक फिरले हो, पण वरची पट्टी जागची हलली नाही. ती तळाला चिकटून बसली होती. मला कळत होते, पण मला कुठे तोंड आहे! काका रद्दी कागद शोधायला वळले, तोच त्यांचा फोन वाजला. मुलीला दवाखान्यात नेले होते.

"हो, हो, आलोच," असे म्हणत काकांनी तिन्ही प्रतींवर मला धडाधड दाबले. रद्दी कागदावरचा ठसा राहूनच गेला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

ताईंनी प्रत न बघता घडी करून पिशवीत घातली. काकांनी आमच्या आणि पोलिसांच्या प्रती खणात ठेवल्या, यंत्र सुरू झाले की नोंद करू म्हणून, आणि वर मला ठेवले. वीस मिनिटांत यंत्र सुरूही झाले. पण तोवर काका आजोबा झाले होते आणि कार्यालयातून पळाले होते. चार दिवसांनी आले ते नातीचे फोटो घेऊन. खणातल्या पत्राची आठवण कुठून राहणार? आणि मी? मी त्या पत्रावर बसून होतो.

पुढचे मी पाहिलेले नाही. पण एकवीस तारखेला आमच्या खिडकीवर ते इतक्या वेळा सांगितले गेले की मला पाठ झाले.

वीस तारखेला संध्याकाळी ताई तिसऱ्या गल्लीत होत्या. पिशवीत त्र्याऐंशी घरांच्या सह्या केलेल्या हरकती. पिवळ्या दाराच्या घरातल्या मावशींनी दार अर्धे उघडून प्रत मागितली. बरोबरच केले त्यांनी. त्याच महिन्यात पाणी तपासायचे सांगून दोघे भामटे त्यांच्या शेजाऱ्याच्या घरात शिरले होते आणि कपाट साफ करून गेले होते. मावशींनी चष्मा लावून प्रत वाचली. पत्र नोव्हेंबरचे. शिक्का चौदा मार्चचा.

"लिहायच्या आधीच पत्र मिळालं होय?" मावशी म्हणाल्या आणि ओरडल्या, "अहो, धावा! शिक्के बनवून फिरतायत या बाया!"

गल्ली गोळा झाली. थोड्या वेळापूर्वी ज्यांनी ताईंना पाणी दिले होते तेच लोक आता दारातून टकामका बघत होते. एक जण म्हणाला, "माझी सही परत द्या." पोलिसांनी ठाण्यातली फाइल पाहिली, तिच्यात असे पत्रच नव्हते. हरकतींचा गठ्ठा त्यांनी ठेवून घेतला आणि ताईंना सकाळी कार्यालयात यायला सांगितले.

एकवीसला सकाळी खिडकीपुढे ताई, पोलिस आणि मोठे साहेब उभे होते. ताईंचे डोळे सुजलेले होते, पण आवाज पक्का होता.

"साहेब, मी याच खिडकीवर पत्र दिलंय. मला चोर म्हणा हवं तर, पण त्या त्र्याऐंशी घरांच्या हरकती बाद करू नका. उद्या शेवटचा दिवस आहे."

"कळवल्याशिवाय फिरून गोळा केलेल्या हरकती मला धरता येणार नाहीत," साहेब म्हणाले. "काका, बघा जरा, नोंद आहे का."

संगणकात नोंद नव्हती. पोलिसांनी ती प्रत काकांच्या हातात दिली. "हा ठसा तुमच्याकडचाच आहे का?"

मित्रांनो, तेव्हा काकांचा चेहरा मी खणाच्या फटीतून पाहिला. त्यांना तुटका कोपरा दिसला. मग सगळे आठवले. फोन, धावपळ, राहून गेलेला रद्दी कागद. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि त्यांच्या सेवापुस्तकात आजवर एकही ठपका नव्हता. हे ते नव्या लोकांना येता-जाता ऐकवत असत. 'आमचा नाही' एवढे दोन शब्द पुरले असते. खण कोण उघडून बघणार होते?

मला भीती वाटली. खरेच सांगतो, मला वाटले की आता काका मला ओळख दाखवणार नाहीत.

काकांनी खण उघडला. मला उचलले, माझ्याखालच्या दोन्ही प्रती काढून टेबलावर ठेवल्या. मग एक कोरा कागद घेतला आणि सगळ्यांच्या देखत मला त्यावर दाबले. चौदा मार्च. तुटका कोपरा.

"शिक्का आमचाच आहे, साहेब," काका म्हणाले. "महिना फिरला नाही आणि मी तपासलं नाही. पत्र वेळेत आलं होतं. पोलिसांची प्रतसुद्धा माझ्यामुळंच इथं पडून राहिली. या ताईंची काही चूक नाही."

साहेबांनी आणखी एक कोरा कागद काकांपुढे सरकवला. "काका, हे मला लेखी लागेल. आणि सेवापुस्तकात जाईल, ठाऊक आहे ना?"

"लिहूनच देतो की," काका म्हणाले आणि त्यांनी पेन उघडले.

पोलिसांनी गठ्ठा परत दिला. खिडकीच्या कट्ट्यावर डोके टेकून ताई दोन मिनिटे नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मीपण प्रत वाचायला हवी होती, काका. पण आता गल्लीत मला कोण दार उघडणार?"

"मी येतो ना," काका म्हणाले.

चार वाजता काकांनी मला शर्टाच्या खिशात घातले आणि आम्ही निघालो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कार्यालयाबाहेर पडलो होतो. पिवळ्या दाराशी काकांनी कडी वाजवली आणि मला मावशींच्या हातात दिले.

"हा बघा चोर," काका म्हणाले. "आणि त्याचा साथीदार मी."

मावशींनी मला उलटसुलट करून बघितले. महिन्याची पट्टी नखाने खरवडून पाहिली. "अहो, हा किती घाण ठेवलाय! माझी विळीसुद्धा याहून स्वच्छ असते." मग त्या ताईंकडे वळल्या. "पोरी, मी उगाच गाव गोळा केलं. पण पुन्हा आलीस तरी मी आधी कागद बघीन हो."

"बघाच, मावशी," ताई म्हणाल्या.

मावशींनी हरकत पूर्ण वाचून घेतली, दोन शब्दांचे अर्थ विचारले आणि सही केली. एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. काल ज्या आवाजात ओरडल्या होत्या, त्याच आवाजात त्यांनी गल्लीला हाक मारली, "या रे, खरंय सगळं! सह्या करा!"

बावीस तारखेला ताई एकशे चाळीस हरकती घेऊन आल्या. यंत्र चालू होते. तरी आदल्या दिवशी काकांनी घरी नेऊन स्पिरिटच्या बोळ्याने माझ्या तिन्ही पट्ट्या पुसल्या होत्या. नात मांडीवर, मी हातात. यंत्राची चिठ्ठी लागली तरी त्यांनी प्रत्येक कागदावर मलाही उठवले. आधी रद्दी कागदावर, मग हरकतींवर. बावीस नोव्हेंबर, एकशे चाळीस वेळा. सुनावणी झाली आणि ओढा नळात घालायचा बेत सोडून द्यावा लागला. काकांच्या सेवापुस्तकात एक ठपका पडला तो पडलाच. निरोपाच्या दिवशी त्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. जाताना मला पुसून खणात ठेवले, इतकेच.

तेव्हापासून मी पुन्हा खणातच आहे. पण नव्या कारकूनबाई महिन्याच्या पहिल्या तारखेला मला काढून पुसतात. काकांनी त्यांच्याकडून तसे कबूल करून घेतले होते. मित्रांनो, रोज लागत नाही म्हणून एखाद्या वस्तूला विसरू नका. तिची गरज सांगून येत नाही. आणि तुमच्या दारी कुणी कागद घेऊन आले तर तो नीट वाचा, खुशाल प्रश्न विचारा, पण विचारायच्या आधी ओरडू नका.

गेल्या आठवड्यात ताई पुन्हा खिडकीशी आल्या होत्या. आता दुसऱ्या गल्ल्या, तळ्याकाठच्या. कारकूनबाईंनी चिठ्ठी छापून दिली. ताईंनी तिच्यावरची तारीख बोट ठेवून वाचली आणि म्हणाल्या, "तो जुना शिक्का आहे ना अजून? त्याचाही एक ठसा द्या की."

बाईंनी मला बाहेर काढले आणि महिन्याच्या चाकाला बोट लावले. माझी पट्टी फिरली.