न मागितलेला खो

मार्गशीर्ष उतरणीला लागला होता. बालाघाटाच्या नीलधूसर रांगांवरून केशरकांती ऊन हलकेच खाली ओघळत होतं. दुधाळ, टपोऱ्या कणसांची ज्वारी माना तुकवून उभी होती, आणि करडईच्या पीतपुष्पांनी बांधन् बांध उजळून निघाला होता. अशा शीतमधुर, सुवर्णमंथर दिवसांत माणसानं खरं तर हुरडा खावा, वर शेंगदाण्याची चटणी चाटावी आणि कुणाचं वाईट चिंतू नये.

पण वाघदऱ्याला यंदा हुरडा गोड लागत नव्हता. वाघदऱ्याच्या पोरी हरत होत्या.

खो-खोचा संघ तो. नाव अरुणोदय, आणि उगवायचं काही नाव नाही! सहा सामने झाले, सहाही गेले. एक गेला एका गुणानं, एक गेला अख्ख्या डावानं, एक तर जिंकलेला सामना शेवटच्या मिनिटात ओंजळीतल्या पाण्यासारखा गळून गेला. एकीचा घोटा मुरगळला. एकीची सुपारी फुटली, सासरच्यांनी खेळ बंद केला. राहिल्या कशाबशा नऊ जणी आणि त्यांना शिकवणाऱ्या प्रयागताई.

प्रयागताई काळदाते गावच्या हायस्कुलात खेळाच्या बाई. वय सत्तेचाळीस, आवाज खणखणीत, गुडघे कुरकुरणारे. मूलबाळ नाही, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं तर म्हणायच्या की नऊ आहेत की, अजून किती हव्यात. बाई मायाळू होती. हट्टीही होती, आणि दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदत असल्यामुळे बाहेरच्याला कळत नसे की दार कुणी उघडलं.

आणि तुळजा. तुळजा शिनगारे. श्यामलतेजस्वी, चपलचरणा, एकोणीस वर्षांची पोर. ती धावायची तेव्हा मैदानाची तांबूस धूळ तिच्या मागे उठायची आणि ती पुढे गेल्यावर खाली बसायची. गडी हूल देऊन निसटला असं वाटेपर्यंत तुळजाचा हात त्याच्या खांद्यावर पडलेला असे. संघ सहा सामने हरला खरा, पण तुळजा एकही हरली नव्हती.

हा खेळ साधा, आणि मोठा निर्दय. आठ जणी एका रेषेत बसतात, एकीचं तोंड इकडे, दुसरीचं तिकडे. नववी धावते. धावणारी थकली, की बसलेलीच्या पाठीवर थाप मारते आणि म्हणते, खो. थाप आणि शब्द, दोन्ही एकदम. मग बसलेली उठते, धावते, आणि धावणारी तिच्या जागी बसते. खो मिळायच्या आधी उठणं हा गुन्हा. गडी नाकासमोरून निघून जावो, जीव कितीही फडफडो, उठायचं नाही.

त्या शनिवारी बदलीची शेवटची तारीख होती. एका संघातून दुसऱ्या संघात जाणाऱ्या खेळाडूनं जिल्ह्याच्या कचेरीत पाचच्या आत अर्ज द्यायचा, सोबत जुन्या मंडळाचं सोडपत्र जोडायचं. पाच वाजून एक मिनिट झालं, की दार पुढच्या वर्षीपर्यंत बंद. तुळजाला पुण्याच्या एका मोठ्या कार्यालयाच्या संघानं बोलावलं होतं. खेळायला जागा, राहायला खोली, आणि खेळाडू म्हणून कायमची नोकरी. घरी हात थरथरणारा बाप आणि पाठच्या तीन बहिणी. अशी संधी शिनगाऱ्यांच्या उंबऱ्यावर सात पिढ्यांत आली नव्हती.

पण अर्ज दिला की ती त्या क्षणापासून तिकडची. आणि वाघदऱ्याचा सातवा, शेवटचा सामना होता रविवारी. तोही गेला तर संघ वरच्या गटातून खालच्या गटात पडणार. खालच्या गटातल्या पोरींकडे निवड करणारे ढुंकूनही बघत नाहीत. म्हणजे एकीकडे एक पोर, दुसरीकडे आठ. प्रयागताईंच्या काळजाचा काटा या दोन पारड्यांमध्ये मंगळवारपासून हेलकावत होता.

मंगळवारी त्यांनी सोडपत्रावर सही केली. मंडळाचे चिटणीस भानुदासराव यांनी शिक्का मारला आणि हसत विचारलं, पोरीला सोडचिठ्ठी देताय होय. सगळे हसले. ताईही हसल्या. पत्र घडी करून त्यांनी कापडी पिशवीत ठेवलं, संध्याकाळी तुळजाच्या हातात द्यायचं म्हणून.

संध्याकाळ झाली. सोनसळी, शांत, पक्षिकूजित संध्याकाळ. तुळजा धावत होती, आणि तिच्या धावण्यानं बाकीच्या आठ जणींतही जीव आल्यासारखा वाटत होता. ताई बघत राहिल्या. म्हणाल्या, उद्या देऊ. अजून वेळ आहे.

बुधवारी म्हणाल्या, उद्या. अजून वेळ आहे.

गुरुवारी त्यांना एक पळवाट सापडली. माणसाला पळवाट हवी असली की ती सापडतेच. तिला हवं असेल तर मागेल ती, त्या स्वतःशी म्हणाल्या. मागितलं तर या हातानं देईन. ती मागत नाही, म्हणजे तिलाही रविवार खेळायचाच असणार. अहो ताई, किती सोयीचं!

तुळजाला सगळं ठाऊक होतं. भानुदासरावांच्या तोंडात तीळ भिजत नाही, शिक्क्याची शाई वाळायच्या आत बातमी गावभर झाली होती. पत्र तयार आहे, ताईंच्या पिशवीत आहे, हे तिला मंगळवारीच कळलं. ती रोज मैदानावर आली. रोज ताईंच्या आसपास घुटमळली. एकदा पाणी दिलं, एकदा चटया गोळा केल्या, एकदा नुसतीच उभी राहिली. शुक्रवारी तर तिनं ताईंची ती पिशवी स्वतः घरापर्यंत उचलून नेली आणि खुंटीला अडकवून परत गेली.

शनिवार उजाडला. निरभ्र, निवळशंख, निष्ठुर सुंदर शनिवार. जिल्ह्याला वेळेत पोचवणारी एसटी दीडला फाट्यावर यायची, त्यानंतरची काही उपयोगाची नव्हती.

साडेबाराला तुळजा ताईंच्या दारात आली. हातात फडक्यात बांधलेला हुरडा. अंगावर सणावारी घालायचा आकाशी ड्रेस, तेल लावून चापून घातलेली वेणी, आणि काखेत प्रमाणपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी. ताईंनी हुरडा पाहिला, ड्रेस पाहिला, काखेतली पिशवीही पाहिली. आणि पाहिलंच नाही असं दाखवलं.

ये, बस, म्हणाल्या. चहा टाकला. हुरड्याचं कौतुक केलं. मग दोघी रविवारच्या सामन्याबद्दल बोलत बसल्या. समोरच्या संघाची तिसरी तुकडी कशी चकवते, डावीकडच्या खांबावर कुणाला बसवायचं, कुणाला आधी धाडायचं. तुळजा प्रत्येक गोष्टीला नीट उत्तर देत होती. मधूनच तिची नजर खुंटीकडे जाई आणि लगेच कपातल्या चहावर येई. चहा तिनं थंड होईस्तोवर प्यायलाच नाही.

ओसरीत ऊन सरकत होतं. उंबऱ्यावरून जोत्यावर, जोत्यावरून पायरीवर. ताई उठल्या. खुंटीपाशी गेल्या. पिशवीत हात घातला, आणि बोटांना त्या घडीची कडा लागली. तुळजानं कप खाली ठेवला. पाठ ताठ केली, टाचा उचलल्या, बसल्या जागी उठायच्या तयारीत आली, जशी गेली दहा वर्षं मैदानावर बसत होती तशी.

आणि ताईंनी पिशवीतून वही काढली. रविवारच्या नावांची वही.

फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. एकदा. दोनदा. मग गाडी गियर बदलत घाटाकडे निघाली, आणि तिचा आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला. ताईंनी वही मिटली आणि पाचला मैदानावर यायला सांगितलं. तुळजा म्हणाली, बरं ताई. कप विसळून पालथा ठेवला आणि ती गेली.

रविवारी वाघदरे जिंकलं!

काय खेळली ती पोर! आक्रमणात सहा गडी तिनं एकटीनं टिपले, शेवटचा तर खांबाला वळसा घेताना सूर मारून. संरक्षणात साडेतीन मिनिटं कुणाच्या हाती लागली नाही. एक गुण आणि दीड मिनिट राखून संघ वरच्या गटात राहिला. हलगी कडाडली, गुलाल उधळला, भानुदासराव वयाला न शोभेल असे नाचले. आठ जणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. तुळजाही त्यांच्यात होती, आणि हसत होती.

त्या हसण्याचा ताईंना धीर आला. पाण्याच्या टाकीपाशी तुळजा गुडघ्यावरचं खरचटलं धूत होती, तिथे त्या गेल्या. आनंदानं माणूस उदार होतो, आणि उशिरा झालेला उदारपणा बोलायला उतावीळ असतो. त्या म्हणाल्या, "तुळजा, पत्र मंगळवारपासून माझ्या पिशवीत होतं गं. तू एकदा तरी मागायचं होतंस."

तुळजानं वर पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. तिथे नुसतं नवल होतं, नितळ, निरागस नवल. ताईंना एवढंही कळू नये?

"ताई," ती म्हणाली, "खो कुणी मागत असतंय का?"

आणि गुडघा पुसून ती पोरींकडे निघून गेली.

ताई टाकीपाशी उभ्याच राहिल्या. नळ चालू होता, तो बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. दहा वर्षं त्यांनीच हे शिकवलं होतं. बसलेलीनं उठायचं नाही, हात पुढे करायचा नाही, मागे वळून बघायचंसुद्धा नाही. शिकवलेलं विसरल्या त्या. पोरगी विसरली नव्हती.

सोमवारी पहाटेच्या गाडीनं त्या जिल्ह्याला गेल्या. कचेरीतल्या माणसानं आदरानं खुर्ची दिली, चहा मागवला, विजयाबद्दल अभिनंदन केलं. पत्र वाचलं, सही पाहिली, शिक्का पाहिला, मग तारीख पाहिली. पत्र मंगळवारचं आहे की हो ताई, तो म्हणाला, मग शनिवारपर्यंत होतं कुठे? त्यानं पत्र तशीच घडी घालून त्यांच्या हातात ठेवलं. पुण्याच्या संघानं आठवडाभरात दुसरी मुलगी घेतली.

पौष गेला. माघ गेला. ज्वारी कापून झाली, आणि भेगाळलेल्या रानांवर फाल्गुनाचं पांढरं, तापट ऊन पसरलं. घरी पैसा हवा होता. तुळजा दूध संकलन केंद्रावर कामाला लागली. केंद्र मैदानाच्या समोरच, रस्त्यापलीकडे. दुधाची वेळ सकाळ-संध्याकाळ, आणि सरावाची वेळ तीच. ती रुसली म्हणून मैदानावर येत नाही असं कुणी म्हणू शकत नव्हतं. रस्त्यात भेटली की ती ताईंना वाकून नमस्कार करी, गुडघ्यांची विचारपूस करी. त्या नमस्कारानंतर ताईंना दिवसभर जेवण जात नसे.

आज संध्याकाळी सरावाला आठच जणी आहेत. एक धावणार, मग रेषेत सात, एक चौकोन रिकामा. पोरींनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी पदर खोचला आणि रिकाम्या चौकोनात जाऊन बसल्या. गुडघे करकरले. पोरी आधी हसल्या, मग आपापल्या चौकोनात बसल्या.

समोर रस्ता. रस्त्यापलीकडे तुळजा, पांढऱ्या ॲप्रनमध्ये, एकेकाच्या कॅनमधलं दूध मापात ओतते आहे. दुधाची शुभ्र, संथ धार सांजउन्हात क्षणभर गुलाबी होते आणि मापात पडून पुन्हा पांढरी. ती मान खाली घालून काम करते आहे. इकडे बघत नाही.

ताईंच्या पाठीमागे पावलं वाजतात. धूळ उडते, कुणाचा तरी धपापता श्वास ऐकू येतो. ताई पाठ ताठ करतात, टाचा उचलतात. पावलं जवळ येतात, अगदी जवळ येतात, आणि पुढे निघून जातात.