घोरण्याची राखण

मित्रांनो, मी एक जुनी जीभ आहे. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी कधी खोटं बोलले नाही, कुणाला शिवी दिली नाही आणि कुणाच्या जिवावर उठले नाही. यातली पहिली दोन विधानं माझ्या मालकांच्या बायकोसमोर वाचू नका. तिसऱ्याबद्दल बेळगावच्या एका इस्पितळाचा कागद आहे. झोपेत मी मालकांचा श्वास तासाला बेचाळीस वेळा अडवत होते, असं त्यात लिहिलंय.

मोजणाऱ्याची चूक असेल, असं मला आधी वाटलं. नव्हती.

माझे मालक महाबळेश्वर. जोयडा तालुक्यात, उळवीच्या अलीकडे, रानात आमचा पंधरा घरांचा वाडा आहे. जन्मल्यावर मला मध चाटवला. पुढे नाचणीची आंबील आली, तांबड्या मुंग्यांची चटणी आली, आणि मिसरूड फुटायच्या आत मानाचं काम आलं. देवळात सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणं घालायचं. "पोराबाळांस्नी, गुराढोरांस्नी सुखी ठेव, समद्यांस्नी मोठं आयुष्य दे," असं मी म्हणायची आणि मागून सगळे ओरडायचे, "व्हय महाराजा!" पस्तीसएक वर्षं मी गावासाठी दीर्घायुष्य मागितलं. त्यातली बरीच वर्षं मी मागणाऱ्याचाच गळा बुजवत होते. देवाच्या हे लक्षात आलं असेल, पण तो बोलला नाही.

मालक जाड झाले तशी मीही जाड झाले. माझ्या कडांवर दातांचे ठसे उठले. मालक उताणे झोपले, की मी सैल पडायची आणि मागे घसरायची. उरलेल्या फटीतून हवा जाताना जो आवाज व्हायचा, तो ओहोळापलीकडे ऐकू जायचा. कधी कधी फटही बंद व्हायची. आवाज थांबायचा, श्वासही थांबायचा. मग मालकांची बायको शकुंतला त्यांना कोपर मारायची, ते दचकून कुशीवर वळायचे आणि मी वाटेतून बाजूला व्हायची. एवढ्याशा कोपरावर सगळा संसार चालला होता.

यात गाव आलं ते असं. भात पोसायला लागलं, की आमच्याकडे डुकरं येतात. शेतात उंच माळा बांधून कुणीतरी राखण करतं, डबे वाजवतं. सतरा वर्षांमागे मालक पाळीला गेले, डबे बाजूला ठेवून घोरत पडले आणि डुकरं आली नाहीत. सकाळी गावचे प्रमुख, म्हणजे गावकार, गुरुदास अण्णांनी चारचौघांत जाहीर केलं, "डबे कशाला पायजेत? ह्याचा गळा हाय न्हवं! वाघ गुरगुरतोय म्हणून डुकरं पळाली."

त्या दिवसापासून राखणीची पाळी बंद झाली. दर सुगीला मालकच माळ्यावर. तरी ओहोळाकडची दोन खाचरं डुकरं खायचीच. पण तिकडं वारं उलटं असतं, आवाज पोचत नाही, असं अण्णांनी एकदा ठरवून दिलं होतं. मला कुणी 'वाघ' म्हटलं, हे मित्रांनो, मला फार आवडलं. आवडायला नको होतं.

माळ्यावर कोपर मारायला कुणी नसे. म्हणून शकुंतला घोंगडं घेऊन मागोमाग चढू लागली. "ह्या वयात लई पिरेम हो," बायका तिला चिडवायच्या. ती दिवसा शेतात तण काढायला बसायची. पेंगत पेंगत तणाऐवजी भातच उपटायची.

मालकही दिवसा पेंगायचे. गेल्या वर्षी शिमग्यात भर गाऱ्हाण्यात त्यांना झोप लागली. "समद्यांस्नी..." म्हणून मी थांबले. अंगात आलं, असं वाटून लोक हात जोडून उभे राहिले. पुष्कळ वेळानं मालक घोरले. सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!"

शकुंतलेनं मात्र त्यांना रामनगरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि त्यांनी बेळगावला धाडलं. तिथं अंगाला वायरी लावून झोपवलं आणि माझं बिंग फुटलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टर अश्विनीबाईंनी समजावलं, "झोपेत यांची जीभ मागं पडते आणि श्वासाची वाट बंद करते."

"दिवसा कधी मागं सरली न्हाई ती," शकुंतला म्हणाली.

बाईंनी आधी यंत्र दिलं. नाकावर मुखवटा बसवायचा, त्यातून हवेचा झोत येतो आणि वाट उघडी राहते. दोन आठवडे घर शांत झोपलं. मग पावसात तारेवर झाड पडलं आणि वीज नऊ दिवस गेली. माळ्यावर वीज जायचा प्रश्न नव्हता. ती तिथं कधी आलीच नव्हती. शेवटी ऑपरेशन ठरलं. नवरात्र झालं, की लगेच.

ऐन राखणीचे दिवस. देवळासमोर बैठक बसली.

"ऑपरेशन कर की, कोन नको म्हणतंय?" गुरुदास अण्णा म्हणाले. "पन सुगी होऊंदे. तुझ्या घोरन्याबिगर डुकरं समदं भात खातील. गावाचं पोट हाय हे."

सगळे मालकांकडे बघू लागले. मालकांच्या छातीत भीती होती, मला ठाऊक होतं. पण बोलायचं होतं मला. मित्रांनो, 'नको' हा शब्द उच्चारायला जिभेला फार कष्ट पडत नाहीत. मी म्हणाले, "बरं. सुगी झाल्यावर."

"व्हय महाराजा!" सवयीनं दोघेतिघे म्हणाले.

शकुंतला उठून घरी गेली.

अठरा दिवसांनी तिला ताप भरला. त्या रात्री ती माळ्यावर गेली नाही. सकाळी आंबिलीचा तांब्या घेऊन कण्हत वर चढली, तेव्हा मालक उताणे होते. ओठ काळेनिळे. छाती वर उठत होती, पण हवा आत जात नव्हती. कशी जाईल? वाटेत मी पडले होते. मला सगळं कळत होतं आणि मला हलता येत नव्हतं. एवढा मोठा स्नायू, आणि कामाच्या वेळी लादीसारखा. तिनं हाका मारल्या, हलवलं, कोपर मारलं. मग आंबील तोंडावर ओतली आणि सगळा भार देऊन त्यांना कुशीवर लोटलं. मी एका बाजूला घसरले. भाता फुटल्यासारखा श्वास आत गेला. मालकांनी डोळे उघडले, पण बराच वेळ त्यांना ती कोण हे कळेना.

एवढ्यात माळ्याखाली गुरुदास अण्णा आले. "रातभर मधी मधी आवाज बंद पडत हुता," ते म्हणाले. "तवाच म्हटलं, आज डुकरं घुसनार."

शकुंतला माळ्याच्या कडेला आली. "आवाज बंद झाला तवा डुकरं आठवली, अण्णा? मानूस न्हाई आठवला?"

अण्णा डबे शोधू लागले.

"काय वो," ती मालकांकडे वळली, "बैठकीत गाव बोललं, तुमी बोललात. मला कुनी इचारलं? चला, उठा."

"अगं, पन सुगी..."

"सुम्म बसा!"

मी गप्प बसले. पहिल्यांदाच योग्य वेळी.

त्याच दिवशीच्या पहिल्या बसनं ती दोघं रामनगरला आणि तिथून बेळगावला गेली. तिच्या अंगात अजून ताप होता. ऑपरेशनआधी मालकांनी एकच विचारलं, "बाई, जीभ पुढं ओढून बांधल्यावर गाऱ्हाणं म्हणाय येईल काय?"

"येईल. थोडे दिवस जड जाईल, मग सुटेल. घोरणं मात्र सगळं जाईलच असं नाही. वजन कमी करायचं आणि कुशीवर झोपायचं."

माझं मूळ खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला हाडाला चिकटलेलं असतं. बाईंनी हनुवटीच्या हाडात छोटी चौकोनी खिडकी कापली, माझ्यासकट तो हाडाचा तुकडा पुढे ओढला, आडवा फिरवला आणि स्क्रूनं पक्का केला. आता मी सैल पडले तरी मागची वाट मोकळी राहते. एका स्क्रूला जे जमलं, ते मला बावन्न वर्षांत जमलं नाही.

मालक पंधरा दिवस पातळ आंबिलीवर होते. पहिला शब्द मी बोबडा उच्चारला. तो "शकुंतला" होता. इतक्या वर्षांत मी तिला नावानं कधी हाक मारली नव्हती. ती "काय?" म्हणाली आणि खुर्चीतच झोपली. तिची झोप मोडेल म्हणून मी पुढं काही बोलले नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी घोरत असेल तर हसू नका, आणि कौतुक तर मुळीच करू नका. घोरता घोरता श्वास थांबत असेल, माणूस दिवसा पेंगत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. सुगी झाल्यावर नको. आणि त्याच्या शेजारी जे जागं असतं, त्यालाही झोपू द्या. माझा गुन्हा मला कबूल आहे. कुणीतरी जोरात ओरडून मला शिक्षा करील म्हणून मी वाट पाहते आहे. पण शकुंतला काही बोलत नाही. ती झोपलेली असते.

यंदा माळ्यावर पाळी पुन्हा सुरू झाली. अण्णा स्वतः डबे वाजवत बसले. मालक घरात होते आणि त्यांचा आवाज उंबऱ्याबाहेरही जात नव्हता. आता डुकरं सगळं खाणार, याबद्दल गावात दुमत नव्हतं.

भात कापून झालं. डुकरांनी ओहोळाकडची दोन खाचरं खाल्ली होती.