एका ठोक्याची जागा

रेकॉर्डिस्टने बटण दाबलं आणि हेडफोनमधला ठेका मध्येच तुटला.

"दादा, शेवटचा शब्द राहिला."

काचेपलीकडे माइकसमोर उभ्या असलेल्या माणसाने डोळे उघडले. शर्टाचं गळ्यापाशीचं बटण लावलेलं, दोन्ही हात पाठीमागे. आपण कुठे आहोत हे उमगायला त्याला जरा वेळच लागला.

"राहिला?"

"ओळ म्हटलीत आणि गप्प झालात. मला वाटलं, दम घेताय. पण तुम्ही तर कुणाची तरी वाट बघत होतात."

तो ओशाळला. दम घेणं ही त्याची ओळख नव्हती. रॅप करणाऱ्यांच्या त्या लहानशा वर्तुळात त्याला सगळे 'अखंड' म्हणत. एकदा सुरू झाला की तो थांबायचा नाही. यमकाच्या पोटात दुसरं यमक, त्याच्या पोटात तिसरं, आणि अर्थ मात्र ओळीच्या टोकाशी शांत बसलेला. त्याचं लिखाण दुसऱ्यांदा ऐकल्यावर खरं उलगडायचं. अडचण एवढीच होती, की दुसऱ्यांदा ऐकायला कुणी थांबत नसे. त्याला ऐकायला यायचे ते स्वतः लिहिणारेच. ते मान खाली घालून ऐकायचे, एखाद्या ओळीला कळ आल्यासारखे कण्हायचे. बाकीचे लोक तोवर बाहेर जाऊन चहा पिऊन यायचे.

"माफ करा," तो म्हणाला. "घरची सवय. परत घेतो."

"थांब."

हे संगीत कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. तासभर त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत फोनमध्ये डोकं घालून बसल्या होत्या. तीन कडवी झाली तरी त्यांची मान वर आली नव्हती. आता आली.

"तेवढंच परत ऐकव."

रेकॉर्डिस्टने ऐकवलं.

*ज्याच्या तोंडी साऱ्या वाटा, सारे थांबे, सारे गाव,*
*लाख कानांत राहिला तो, एका ओठी नाही…*

आणि पुढे नुसता ठेका.

"नाव," मॅडम आपसूक बोलून गेल्या आणि स्वतःशीच हसल्या. "बघ, मीसुद्धा बोलले. हीच जागा हवी होती मला. इथे लोक ओरडतील."

"ती चूक आहे, मॅडम."

"मग अशाच चुका करत जा. तुझ्या अचूक ओळींनी कुणाचं भलं झालंय?"

तो हसला. बाई वाईट नव्हत्या. तीन वर्षांत त्याचं गाणं शेवटपर्यंत ऐकून घेणाऱ्या त्या पहिल्याच होत्या, आणि हे गाणं त्याच्याच आवाजात निघेल असा शब्दही त्यांनीच दिला होता.

---

घरी पोचला तेव्हा ताई वडिलांना भरवत होती. तो चपला काढून सरळ खाटेशी गेला.

"आधी हात धू," ताई म्हणाली. "आणि आता लगेच सुरू करू नकोस. त्यांना दोन घास खाऊ दे. शब्दांनी पोट भरत असतं तर मी चूल कधीच विझवली असती."

"तू जेवलीस?"

"त्यांचं झालं की."

तो तिचा नेम होता. वडील अंथरुणाला खिळल्यापासून त्यांच्याआधी तिने घास घेतला नव्हता, आणि त्याबद्दल अवाक्षरही काढलं नव्हतं. रोज पहिला चमचा उचलताना ती पळभर डोळे मिटायची. तेवढंच काय ते तिचं मागणं.

वडील बस स्थानकावर घोषणा करायचे. काचेच्या लहानशा खोलीत उभं राहून त्यांनी उभी हयात लोकांना गाड्या दाखवल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, कुठली उशिरा येणार, कुणाचं हरवलेलं पोर चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय. साऱ्या शहराला तो आवाज ठाऊक होता. रस्त्यात मात्र त्यांना कुणी ओळखत नसे. खोलीत बघायला कुणी नसतानाही ते बोलण्याआधी शर्टाचं गळ्याचं बटण लावत. उघड्या गळ्याने बोललं की शब्द सांडतात, म्हणत.

मग एका सकाळी त्यांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही गेली. बोलणं शिकवणाऱ्या बाई घरी येऊन बघून गेल्या. ठेका धरून ओळ म्हणा, त्या म्हणाल्या, आणि शेवटचा शब्द सोडून द्या. तो त्यांना भरू दे. घाई मात्र करू नका. शब्द आत असतो, त्याची वाट लांब झालेली असते.

मुलापाशी ओळींना तोटा नव्हता. वडिलांचा डावा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर असायचा. त्यातलं एक बोट ठेका धरायचं आणि तो ठेका कधी चुकला नाही. मुलगा ओळ म्हणायचा, थांबायचा, वाट बघायचा. कधी बोट चार वेळा पडायचं, कधी दहा वेळा. मग ओठ थरथरायचे आणि कुठून तरी खोलातून शब्द वर यायचा. पाणी. खिडकी. पाऊल. असे कितीतरी आले. हाच एक अडून बसला होता. वडिलांवरच लिहिलेल्या गाण्यातला, साधा दोन अक्षरांचा.

जेवण झाल्यावर त्याने ओळ म्हटली.

"…एका ओठी नाही…"

बोट पडत राहिलं. वडिलांचे ओठ एकमेकांवर दाबले गेले, सुटले, पुन्हा दाबले गेले. डोळ्यांत पाणी तरळलं. ताईने ताट उचललं.

"राहू दे आज," ती हलकेच म्हणाली. "कपाळावरची शीर बघ त्यांची."

तो थांबला. वडिलांच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, झालं रेकॉर्डिंग. आता बाहेरून ऐकू येईल."

वडिलांनी मान हलवली. आजारी पडायच्या आधी त्यांनी एकदाच मुलाकडे काही मागितलं होतं. लहानपणापासून तुझा आवाज भिंतीआडून ऐकतोय, आतल्या खोलीतून, ते म्हणाले होते. एकदा बाहेरून ऐकायचाय. कर्ण्यातून. माणूस इथे आणि आवाज तिथे, असं झाल्याशिवाय आवाज आपला आहे की नाही ते कळत नाही. दुसरा झटका कधीही येऊ शकतो, असं डॉक्टर सांगून गेल्यापासून मुलाच्या मनात तेवढंच एक मागणं घर करून राहिलं होतं.

---

"कंपनीला गाणं फार आवडलंय," मॅडम म्हणाल्या.

या वेळी त्यांचा फोन पर्समध्ये होता. ते बघून तो बसायचा राहिला.

"पण आवाज दुसरा घ्यायचा म्हणतात. तो आपला, केस रंगवलेला. त्याने नुसतं नमस्कार म्हटलं तरी लोक शिट्ट्या मारतात. तुझं रेकॉर्डिंग त्याला ऐकून ऐकून शिकायला द्यायचं. लेखक म्हणून तू आहेसच."

रेकॉर्डिस्ट उगाचच वायरी गुंडाळू लागला.

"माझ्या आवाजात काय कमी आहे?"

"कमी काही नाही रे. जास्त आहे. तू बोलतोस ना, तेव्हा माणसाला वाटतं की आता आपल्याला ऐकावं लागणार. लोकांना ऐकायचं नसतं, त्यांना बरोबर म्हणायचं असतं. गाडी चालवताना, भांडी घासताना. तुझं गाणं म्हणजे एकाच कुलपाची किल्ली. मला सगळ्या कुलपांना लागेल अशी हवी."

तो दिवसा किल्ल्या बनवायच्या दुकानात कामाला होता. तो म्हणाला, "सगळ्या कुलपांना लागते ती किल्ली चोराची असते, मॅडम."

मॅडम मोकळेपणाने हसल्या. "ही ओळसुद्धा छान आहे. पण हीसुद्धा कुणी म्हणणार नाही."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दुसरं आणि तिसरं कडवं जाणार. पहिलं राहील. आणि ती रिकामी जागा पुन्हा पुन्हा येईल.

नाही म्हटलं तर गाणं परत भिंतीआड जाणार होतं. हो म्हटलं तर निदान बाबांवरचे शब्द तरी कर्ण्यातून त्यांच्यापर्यंत पोचले असते. आवाज नाही तर नाही. दुसरा झटका काही कंपनीची वाट बघत बसणार नव्हता.

"जागा केवढी ठेवणार?" त्याने विचारलं.

"कसली?"

"शेवटच्या शब्दाची."

"एका ठोक्याची," रेकॉर्डिस्ट म्हणाला.

"जरा मोठी ठेवता येईल? आठ ठोके तरी."

"आठ?" रेकॉर्डिस्ट हसायला लागला. "दादा, तेवढ्यात पब्लिक घरी जाऊन झोपेल."

तोही हसला. त्यांना काही सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण ते सांगायला सुरुवात कुठून करायची हे त्याला सुचेना. त्याने गळ्याचं बटण काढलं, कागदावर सही केली आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघून आला.

---

गाणं चाललं. नुसतं चाललं नाही, धावत सुटलं. रिक्षांत, जिममध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये, शाळेच्या बसमध्ये. पोरं रस्त्याच्या या टोकाहून अर्धी ओळ म्हणत आणि त्या टोकाची पोरं 'नाव' म्हणून गळा फाडत.

दुकानाचा मालक, ज्याला सगळे मामा म्हणत, भेटेल त्याला सांगत सुटला होता. एका सकाळी एक मुलगी खोलीची किल्ली करून घ्यायला आली. यंत्रावर किल्ली घासली जात होती, ती तेच गुणगुणत होती आणि आपल्याच कपाटाच्या किल्लीने काउंटरवर ठेका धरत होती.

"ए बाई," मामा म्हणाला, "हे गाणं कुणी लिहिलंय ठाऊक आहे का? ह्याने."

"कुणी?"

"ह्याने. हा काय, तुझी किल्ली करतोय तो."

मुलीने यंत्रामागच्या माणसाकडे पाहिलं. मग मामाकडे. चेष्टा चाललीय की काय, हे तिला कळेना.

"लिहिलंय म्हणजे? त्यात आहे काय लिहिण्यासारखं? एकच तर शब्द आहे."

"बघा," तो मामाला म्हणाला. त्याने किल्लीची धार बोटाने तपासली, धातूचा कीस फुंकरीने उडवला आणि किल्ली तिच्या हातावर ठेवली. "नाही फिरली तर परत आण, ताई. अर्धा दात जास्त लागलाय बहुतेक."

ती गेल्यावर मामाला राहवलं नाही. "तू गप्प का बसतोस रे? दोन शब्द ऐकवायचेस तिला. दुसरं कडवं म्हणून दाखवायचंस."

"ती घाईत होती, मामा."

---

रविवारी संध्याकाळी गाणं टीव्हीवर होतं. मोठ्या मैदानातला कार्यक्रम. ताईने वडिलांना उशांना टेकवून बसवलं, केस विंचरले, चष्मा पुसून घातला. शेजारच्या काकू येऊन दारातच उभ्या राहिल्या.

"किती मोठं झालं हो पोर," त्या म्हणाल्या. "कुठला तो? मागे नाचतोय तो का?"

"तो इथे आहे, काकू," ताई म्हणाली. "तुमच्या पुढ्यात बसलाय."

"अगं बाई, मग तिथे कोण गातोय?"

ताईने टीव्हीचा आवाज वाढवला. काकूंना गॅसवरचं दूध आठवलं आणि त्या गेल्या.

ठेका सुरू झाला. वडिलांचं बोट दांडीवर पडू लागलं. मग आवाज आला, तरणा, चकचकीत. बोट थबकलं. वडिलांनी पडद्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग आतल्या खोलीच्या भिंतीकडे. मुलगा शेजारी स्टुलावर बसला होता. त्याने त्यांची नजर चुकवली.

"शब्द त्याचेच आहेत, बाबा," ताई म्हणाली. "तुमच्यावरचे. ऐका तरी."

वडील ऐकू लागले. बोटाने पुन्हा ठेका धरला. ओळ जवळ आली तसे ते उशीवरून जरासे उचलले गेले.

*…एका ओठी नाही…*

मैदानातून हजारो माणसांनी तो शब्द फेकला आणि गाणं पुढे निघूनही गेलं. वडिलांचे ओठ नुकते कुठे एकमेकांवर दाबले गेले होते.

ओळ फिरून आली. त्यांनी पुन्हा ओठ मिटले. पुन्हा मैदान त्यांच्या आधी पोचलं. तिसऱ्या वेळी त्यांनी प्रयत्न केला नाही. बोटही दांडीवर नुसतं पडून राहिलं. ताईने तोंड फिरवलं आणि ती पदराने उगीच चष्म्याची डबी पुसत बसली.

मुलाने उठून टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावर हात वर झालेले होते, तोंडं उघडत होती, मिटत होती. तो खाटेच्या कडेवर बसला. हळू आवाजात, घरच्या चालीने त्याने ओळ म्हटली आणि शेवटच्या शब्दाआधी थांबला. वाट पाहू लागला.

वडिलांचे ओठ हलले नाहीत. ते त्याच्या गळ्याकडे बघत होते.

मग त्यांनी दांडीवरचा हात उचलला. शर्टाची उघडी कॉलर त्यांनी चिमटीत धरली. एका हाताने, तेही डाव्या, बटण लावणं सोपं नसतं. बटण सटकलं. पुन्हा सटकलं. मुलाने मदतीला हात वर नेला तशी त्यांनी नको म्हणून मान हलवली. ताई डबी हातात धरून बघत होती. किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेवटी बटण काजात शिरलं. त्यांनी कॉलर सारखी केली, हात परत दांडीवर नेला आणि त्याच्याकडे बघत बोटाने ठेका दिला.

मुलगा उठून उभा राहिला. हात पाठीमागे घेतले. एकही शब्द सांडला नाही.

*सुटणाऱ्या गाडीमागे सुटत गेला श्वास श्वास,*
*बसणारा तो पोचून गेला, बोलणाऱ्याचा उभा प्रवास…*

ते दुसरं कडवं होतं. त्यामागोमाग तिसरं आलं. त्याने कुठेही जागा सोडली नाही आणि वडिलांनीही मागितली नाही. ताई केव्हा तरी हळूच उठली आणि रस्त्याकडची खिडकी सताड उघडून आली.