वाळूनानांनी विमानात धरलेली जागा

कुणाला खरं वाटायचं नाही, पण सायखेड्याच्या वाळूनानांनी मुंबईच्या विमानतळावर, एसटीत टाकतात तशी खिडकीतून टोपी टाकून विमानात जागा धरली होती. निदान स्टँडवरच्या यादवच्या टपरीवर, नाशिकच्या गाडीची वाट बघत ते तसं सांगत होते. शेजारी शेवंतीच्या पाट्या, पाट्यांना टेकून वेण्या ओवणारी बायको नवसाबाई, आणि समोर चुलतभाऊ केरू.

केरूला पटवणं नानांना भागच होतं. नानांची लेक रूपाली विमान कंपनीच्या काउंटरवर नोकरीला लागली, तेव्हा "पोरगी मुंबईला धाडली, आता बसा हात चोळत," असं चारचौघांत म्हणणारा हाच. आज त्याच्याच तोंडून "पोरीनं नाव काढलं" एवढं वदवून घ्यायचं, मग नाशिकची गाडी चुकली तरी बेहत्तर.

"विमानाची खिडकी उघडती व्हय, नाना?" केरूनं विचारलं.

"तुला नाय उघडायची. माझी पोरगी तिथली हाय."

"पण तिकीट कच्चं व्हतं म्हणं."

नानांनी कपबशी खाली ठेवली. "कच्चं नाय, घरचं व्हतं. कंपनीतल्या माणसाच्या आईबापाला तिकीट स्वस्तात. पैसे भरलेले समदे बसले, अन् खुर्ची मोकळी ऱ्हायली, का मंग आपलं नाव पुकारत्यात. तवर बाकड्यावर."

"म्हंजे पंगत उठल्यावर उरलं तर जेवायचं!" केरू खिदळला. यादवही गाळणी झटकत हसला.

"आरं येड्या, लग्नात पाहुण्यांची पंगत आधी बसती का घरच्यांची? वाढणारी माझी पोरगी. मी घरचा. तू जा पैसे भरून, पाहुणा म्हणून."

"हे मातर बराबर हाय," यादव म्हणाला. केरूनं बिडी पेटवली. नानांचं विमान धावपट्टीवरून सुटलं ते सुटलंच.

रूपालीनं बजावलं होतं, चपला नकोत, कडक इस्त्रीचे कपडे पाहिजेत, आणि जागा नाही मिळाली तरी आवाज चढवायचा नाही. तिथं आपण कंपनीची माणसं. नानांनी बूट घेतले, ते चावले, तरी हूं की चूं केलं नाही. नागपूरचं विमान भरत आलं, आणि नाव पुकारलं गेलं.

"आत गेलो तर पायलट सोता बाहेर आला. म्हटला, रूपालीताईंचे वडील ना? अन् वाकून पाया पडला. मंग वर गेलो. खाली ढग असे, जसं कोबीचं वावर. गड्डे लागले गड्डे! पायलट म्हटला, नाना, तुमचं गाव लागलं का सांगा. म्हटलं, ती गोदामाई, तिच्या अंगानं घे. घेतलं की त्यानं! समदं सायखेडं दिसलं. तुझं वावर दिसलं, केरू. तू माझा बांध कोरलाय, ते वरून लख्ख दिसतं."

टपरीवर हशा पिकला. केरूची बिडी विझली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "बांधाचं ऱ्हाऊ द्या. पण पोरीनं नाव काढलं, नाना. म्या बोललो ते चुकलं."

नानांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तटतटलं. इथं थांबायला हवं होतं. पण भरल्या ताटावरून उठायची सवय त्यांना कधीच नव्हती.

"आन् नवसाबाईला खिडकीपाशी बसवलं," ते पुढं म्हणाले, "आन् म्या शेजारच्या खुर्चीत, असा पाय पसरून..."

नवसाबाईनं दोरा दातानं तोडला.

"कंच्या खुर्चीत, आवं? एकच तर मोकळी निघाली! पोरगी रडकुंडीला आली, तवा तुमीच म्हणले, आईला बसव, तिनं तुला मुंबईला धाडलं म्हणून तू हितं उभी हायेस. आन् सोता गेले रेल्वेनं. केरूभाऊ, दुसऱ्या दिशी नागपूरच्या टेशनावर सुजल्या पायानं उतरले हे, आन् माझं नीट तोंडबी न बघता पयलं इचारलं, वरून ढग कसे दिसत्यात गं?"